पाणी कुठलं घ्यायचं?

१२ मे २०१४, सोमवारची सकाळ. व्हॅटिकनमधल्या सांता मार्ता निवासातल्या छोट्या प्रार्थनाघरात पोप फ्रान्सिस रोजची मिस्सा करत होते. त्या दिवशीचा पाठ बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांमधला होता. येशूचा शिष्य पेत्र सुंता न झालेल्या, म्हणजे ज्यू नसलेल्या लोकांच्या घरी गेला, त्यांच्या पंगतीला बसला, म्हणून जेरुसलेमची मंडळी त्याला जाब विचारतायत. त्यावर बोलता बोलता पोप म्हणाले, समजा उद्या मंगळावरून काहीजण आले, हिरवे, लांब नाकाचे, मोठाल्या कानांचे, लहान मुलं चित्रात काढतात तसे, आणि त्यांच्यातला एक म्हणाला की मला बाप्तिस्मा हवाय, तर काय होईल? दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘पोप परग्रहवासीयांना बाप्तिस्मा देणार’ अशा अर्थाचे मथळे दिले. पोपना म्हणायचं होतं ते वेगळं होतं. दाराशी आलेल्याला आत घ्यायचं की नाही, हे ठरवणारे आपण कोण, असा त्यांचा सवाल होता आणि मंगळ नुसता उदाहरणापुरता होता. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. हिरव्या रंगाचं आणि कानांचं मला विशेष वाटलं नाही. मी अडकले ती त्यानंतरच्या क्षणापाशी. तो मंगळवाला डोकं पुढे करून उभा आहे, पुरोहिताने भांडं उचललंय. त्या भांड्यात काय आहे?

वसईकडचे ख्रिस्ती या विधीला स्नानसंस्कार म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे. कॅथलिक धर्मसंहितेप्रमाणे बाप्तिस्म्याला दोन गोष्टी लागतात: खरं पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाचं ठरलेलं वाक्य. पाण्यात बुडवा किंवा डोक्यावर ओता, दोन्ही चालतं. जीव जाण्याची वेळ आली असेल तर पुरोहितही लागत नाही. योग्य हेतू मनात असलेला कुणीही, अगदी स्वतः बाप्तिस्मा न घेतलेला माणूससुद्धा, तो देऊ शकतो. इतकी सवलत आहे, पण पाण्याच्या बाबतीत अजिबात नाही. १२४१ साली नॉर्वेतल्या निदारोसच्या आर्चबिशपने पोप नववे ग्रेगरी यांना विचारलं होतं की आमच्याकडे पाणी मिळालं नाही म्हणून काही मुलांचा बाप्तिस्मा बिअरने झालाय, तो धरायचा का? उत्तर आलं: नाही. पाणी आणि आत्मा यांच्यातून नवा जन्म व्हायला हवा असं शुभवर्तमान सांगतं, तेव्हा बिअरचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. उत्तरेच्या त्या थंडीत कुणीतरी पाळण्यातल्या मुलाच्या कपाळावर बिअरचे थेंब सोडले असतील. हातात होतं ते दिलं, श्रद्धेनेच दिलं. तरी नाही.

आता शनीच्या टायटन या चंद्रावर जाऊ. २००५ च्या १४ जानेवारीला हायगेन्स यान तिथे उतरलं आणि त्याने जमिनीचा फोटो पाठवला. नारिंगी धुरकट उजेड, ओलसर वाळूसारखी भुई आणि तिच्यावर नदीच्या पात्रात असतात तसे गुळगुळीत गोटे. ते गोटे पाण्याचे आहेत. तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस, त्यामुळे तिथे पाण्याचा दगड झालाय, आणि नद्या वाहतात, तळी भरतात ती मिथेन-इथेनची. अशा जागी जीव आहे असं कुणी म्हणत नाही. पण अशाच एखाद्या जगात कुणी विचार करणारं असलं, तर त्याच्या अंगावर आपलं एक अंश तापमानाचं, आपल्याला बोटं बधिर करणारं पाणी ओतणं म्हणजे त्याच्या देहापेक्षा १८० अंशांनी गरम असं काहीतरी ओतणं. आपल्या अंगावर कढईतलं उकळतं तेल ओतल्यासारखं. ज्या पदार्थातून नवा जन्म मिळायचा, त्याच पदार्थाने तो मरेल. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस देतात, त्या ख्रिस्तप्रसादाचीही गत तीच. भाकर गव्हाचीच हवी, द्राक्षारस द्राक्षांचाच हवा. ज्यांना गव्हातलं ग्लुटेन पचत नाही अशा माणसांपायी हा वाद आपल्याच ग्रहावर झालेला आहे. २०१७ मध्ये व्हॅटिकनने परिपत्रक काढून पुन्हा सांगितलं की ग्लुटेन कमी असलेली भाकर चालेल, अजिबात नसलेली चालणार नाही. पश्चिम आशियातल्या एका गवताचं बी आणि एका वेलीचं फळ. विश्वाच्या तारणाची खूण म्हणून या दोन पिकांचा आग्रह धरणारा धर्म, गहू कधी उगवलाच नाही अशा जगाला काय देणार? २०१० साली बर्मिंगहॅममध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ गाय कॉन्सोल्माग्नो यांना कुणीतरी विचारलं होतं, परग्रहवासीयाला बाप्तिस्मा द्याल का? ते म्हणाले, त्याने मागितला तरच. हे उत्तर मला फार आवडतं, आणि तरी भांड्याचा प्रश्न शिल्लक राहतोच.

अर्थात भांडं उचलायची वेळच बहुधा येणार नाही.

परका जीव सापडेल तो दारात उभा राहून नव्हे. तो सापडेल आलेखावरची एक बारीक रेघ म्हणून. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीला प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झच्या आसपास अशी एक रेघ दिसली. निसर्गातल्या स्रोतांच्या लहरी रुंद पट्ट्यात पसरलेल्या असतात, ही मात्र केसासारखी अरुंद होती आणि हळूहळू सरकत होती. दूरच्या फिरत्या ग्रहावरून संदेश आला तर तो जसा सरकेल, साधारण तशी. मग पडताळणी सुरू झाली. दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला नेली की रेघ जाते का, पुन्हा रोखली की येते का, इतर वारंवारितांवर तिचीच भावंडं दिसतात का. भावंडं सापडली. ती पृथ्वीवरच्याच उपकरणांची खरखर निघाली, आणि २०२१ च्या शेवटी तसं प्रसिद्ध झालं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मंगळावर उतरणाऱ्या शियापारेली यानाचा क्षीण आवाज त्यांनीच टिपला होता आणि तो थांबलेलाही त्यांना कळला होता. उद्या खरोखरची रेघ आली तर दुसऱ्या कुणीतरी ती तपासायला हवी, आणि त्या दुसऱ्यांमध्ये खोडदचे कान असू शकतील. द्राक्षबागांच्या शेजारी, भजनाचा आवाज येतो अशा अंतरावर.

तेव्हा श्रद्धावंतांना तोंड द्यावं लागेल ते एका वाक्याला: ‘तिकडे कुणीतरी आहे.’ चेहरा नाही, भाषा नाही, देव मानतात का ते माहीत नाही. प्रॉक्सिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. तिथून कुणी बाप्तिस्मा मागितला तर मागणी ऐकू यायला सव्वाचार वर्षं आणि ‘हो’ पोहोचायला आणखी सव्वाचार. शंभर प्रकाशवर्षं लांबचा कुणी असेल तर मागणारा आणि देणारा एकमेकांच्या हयातीत भेटणारच नाहीत. रेडिओवरून पाणी ओतता येत नाही. पण कॅथलिक परंपरेने इथे एक वाट ठेवलेली आहे. ज्याने मनापासून इच्छा धरली आणि पाणी मिळण्याआधीच जो गेला, त्याची इच्छाच बाप्तिस्मा म्हणून धरली जाते. नॉर्वेतल्या त्या मुलांबद्दलही हे कुणी म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटून जातं. पण पाळण्यातलं मूल इच्छा कशी सांगणार?

देहाच्या या अडचणींची रंगीत तालीम एकदा होऊन गेली आहे, आणि ती करणारे आपल्यासारखीच माणसं होती. १० ऑक्टोबर २००७ ला, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर बैकानूरहून अंतराळ स्थानकाकडे निघाले. त्यांनी नमाज कशी पढायची यावर मलेशियातल्या उलेमांनी आणि शास्त्रज्ञांनी आदल्या वर्षीच परिषद भरवली होती आणि त्यातून एक पुस्तिका निघाली होती. स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं, चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो. मग नमाज ऐंशी वेळा का? नाही. ज्या जागेवरून उड्डाण झालं तिथलं घड्याळ धरायचं, म्हणजे बैकानूरच्या वेळेने पाच. तोंड कुठे करायचं? जमेल तसं, क्रमाने: काबाकडे; ते नाही जमलं तर काबाच्या सरळ वर अवकाशात कल्पिलेल्या स्थानाकडे; तेही नाही तर पृथ्वीकडे; नाहीतर कुठेही. स्थानकाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त आहे. पाच मिनिटांच्या नमाजेत ते सव्वादोन हजार किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि मक्का पायाखालून सरकून पाठीमागे गेलेली असते. वजूला, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुवायला, पाणी नसेल तर तयम्मुम: एखाद्या स्वच्छ पृष्ठभागावर तळवे टेकवायचे आणि चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवायचे. उभं राहता येत नसेल तर बसून, नाही तर कुशीवर, नाही तर पापण्यांच्या हालचालीने, आणि शेवटी नुसत्या मनाने. मला या पुस्तिकेतली ही उतरण फार हृद्य वाटते. मक्केतल्या एका दगडी वास्तूपासून सुरुवात होते आणि एक एक पायरी सोडत माणूस ‘कुठेही’पर्यंत येतो, आणि त्या ‘कुठेही’वरही नमाज कबूल आहे. पण मक्का दिसत नाही, पृथ्वीही दिसत नाही, सूर्यसुद्धा एक साधा ठिपका आहे, अशा जगात जन्मलेल्याला ही उतरण पहिल्या पायरीवरून सुरूच करता येणार नाही. तो थेट शेवटच्या पायरीवर जन्मलेला असेल.

तत्त्वाच्या पातळीवर इस्लामकडे परक्या बुद्धीसाठी तयार जागा आहे. जिन्न धूरविरहित ज्वाळेचे, माणसाहून वेगळे, पण त्यांनाही बरंवाईट कळतं, त्यांचाही हिशेब होणार आहे. कुराणाच्या ७२ व्या सूरेत जिन्नांची एक टोळी कुराण ऐकते आणि श्रद्धा ठेवते. ४२ व्या सूरेत तर आकाशांत आणि पृथ्वीवर पसरलेल्या सजीवांचा उल्लेख आहे आणि अल्लाहची इच्छा असेल तेव्हा तो त्यांना एकत्र आणू शकतो, असंही म्हटलंय. इतकं असताना अडचण येऊ नये. तरी ती आली, आणि आपल्याच देशात आली. कुराणात सात आकाशं आणि तशाच पृथ्वींचा उल्लेख येतो. त्यावर पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या नावाने एक कथन चालत आलंय की त्या प्रत्येक पृथ्वीवर तुमच्या आदमसारखा आदम, नूहसारखा नूह आणि तुमच्या पैगंबरांसारखा पैगंबर आहे. मग मोहम्मद हे शेवटचे पैगंबर कसे? एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात हा प्रश्न पेटला. अल्लाह दुसरा मोहम्मद निर्माण करू शकतो का, यावर दोन धर्मपंडित भिडले: दिल्लीचे शाह इस्माईल म्हणत करू शकतो, फजले हक खैराबादी म्हणत नाही. खैराबादींनी मित्राला, मिर्झा गालिबला, आपल्या बाजूने फारसीत लिहायला सांगितलं. गालिबने लिहिलं की या जगात तर दुसरा होणे नाही, पण जिथे जिथे जगाची धामधूम असेल तिथे तिथे त्या जगासाठी करुणेचा एक दूतही असेल. खैराबादींना ते पसंत पडलं नाही. पुढे १८७० च्या दशकात देवबंदच्या मदरशाच्या संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानोतवी यांनी इब्न अब्बासांच्या त्या कथनावर पुस्तिका लिहून म्हटलं की ‘शेवटचे’ याचा मूळ अर्थ काळाने शेवटचे असा नाही, दर्जाने सर्वोच्च असा आहे, त्यामुळे दुसऱ्या पृथ्वीवर कुणी असला तरी या मानाला बाध येत नाही. त्याच पुस्तिकेतली वाक्यं धरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेलीच्या अहमद रझा खान यांनी त्यांच्यावर धर्मबाह्यतेचा ठपका ठेवला. देवबंदी आणि बरेलवी या दोन सुन्नी पंथांमधली तेढ आजही पुरती मिटलेली नाही. एकही परका जीव सापडलेला नव्हता. ‘असला तर’ एवढ्यावरच हे झालं.

ख्रिस्ती धर्मातलं या प्रश्नाचं रूप वाचकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. देव एकदाच, एकाच ग्रहावर, एका सुताराच्या घरी देह धरून आला, तर बाकीच्यांचं काय? १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने एक यादी काढून ज्या मतांवर बंदी घातली त्यात ‘देव अनेक जगं निर्माण करू शकत नाही’ हेही होतं. म्हणजे करू शकतो असं मानणं भाग पडलं. पंधराव्या शतकात गिलोम द व्होरिलाँ या फ्रान्सिस्कन साधूने लिहिलं की जगं अनंत असली तरी ख्रिस्ताचं इथलं मरण त्या सगळ्यांना पुरेल, पण दुसऱ्या जगात जाऊन त्याने पुन्हा मरणं योग्य होणार नाही. १७९४ मध्ये टॉमस पेन या विचारवंताने हीच गोष्ट उलटी धरून धर्माविरुद्ध वापरली: इतकी जगं असतील तर देवपुत्राला एका जगातून दुसऱ्यात जाऊन मरत राहण्यावाचून काम उरणार नाही. मला व्होरिलाँचं म्हणणं जास्त अस्वस्थ करतं. एवढ्या मोठ्या घटनेची बातमी ज्यांच्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही, त्यांच्यासाठी ती ‘पुरेल’, असं म्हणताना तो काय बघत असेल?

जैनांकडे तर हिशेब मांडलेला आहे. माणूस फक्त अढीद्वीपात, म्हणजे जैन विश्वरचनेतल्या मधल्या अडीच द्वीपांत जन्मतो, मानुषोत्तर पर्वताच्या पलीकडे माणसाचा जन्मच नाही. पण त्या अढीद्वीपातच महाविदेह क्षेत्र आहे आणि तिथे आत्ता, या घडीला, सीमंधर स्वामी हे तीर्थंकर विद्यमान आहेत. म्हणजे आपल्या पोहोचेपलीकडच्या भूमीवर आज जिवंत गुरू आहे, आणि इथला श्रावक रोज तिकडे हात जोडतो. अंतराने श्रद्धा अडत नाही याचा याहून साधा पुरावा मला माहीत नाही. अडचण दुसरीकडे आहे. मोक्ष फक्त मनुष्यगतीतून मिळतो, देवांनाही त्यासाठी मनुष्यजन्म घ्यावा लागतो. मग रेघ पाठवणारा तो जीव कुठल्या गतीतला? देव नाही, नारकी नाही. मनुष्य म्हणावा तर तो अढीद्वीपात बसवावा लागेल. तिर्यंच म्हणजे पशुपक्ष्यांच्या गतीतला म्हणावा, पाच इंद्रियांचा आणि मन असलेला, तर तो व्रतं घेऊ शकेल, मोक्षाकडे नेणाऱ्या चौदा गुणस्थानांपैकी पाचव्यापर्यंत चढेल आणि तिथे थांबेल. दुर्बीण बांधणारा, ताऱ्यांचे वेध घेणारा कुणी, आणि त्याला चौदापैकी नऊ पायऱ्या बंद.

आपल्याकडे हा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: आम्हाला काय फरक पडतो, आमचा देव तर अनंतकोटी ब्रह्मांडनायक. २००८ च्या सुमारास अमेरिकेतले धर्मशास्त्रज्ञ टेड पीटर्स यांनी १,३०० हून अधिक लोकांना विचारलं होतं की परग्रहावर बुद्धी सापडली तर तुमच्या श्रद्धेचं काय होईल. बहुतेक श्रद्धावंत म्हणाले, माझ्या श्रद्धेला धक्का लागणार नाही. इतरांच्या श्रद्धेबद्दल विचारल्यावर मात्र तेवढी खात्री कमी झाली. आपलं ते उत्तरही त्याच जातीचं आहे. पूजेला बसलं की पहिला सोडतो तो संकल्प आठवून बघा. ब्रह्मणो द्वितीये परार्धे, श्रीश्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे, मग भरतवर्षे, भरतखंडे, जंबुद्वीपे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, शालिवाहन शके. नंतर संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, आणि चंद्र, सूर्य, गुरू कुठल्या राशीत आहेत ते. हातात पळी, तळहातावर पाणी, आणि विश्वाच्या आयुष्यापासून गोदावरीच्या काठापर्यंत उतरत आलेला हा पत्ता. किती सुंदर रचना आहे ही! आधी मी कुठे आणि केव्हा आहे ते सांगतो, मग काय मागायचं ते मागतो. नदीच्या पलीकडे राहणारा ‘उत्तरे तीरे’ म्हणतो. अमेरिकेत गेलेल्या काही पुरोहितांनी जंबुद्वीप सोडून क्रौंचद्वीप म्हणायला सुरुवात केली. पण त्यांच्याही डोक्यावर तोच चंद्र आहे.

चंद्र गेला की खरी पंचाईत. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढायला लागणारा काळ, आणि अशा तीस तिथ्यांचा साडेएकोणतीस दिवसांचा महिना. हेच गणित मंगळावर मांडू. तिथला फोबोस हा चंद्र सात तास एकोणचाळीस मिनिटांत फेरी पूर्ण करतो. त्याला तीसने भागलं तर एक तिथी साधारण पंधरा मिनिटांची. पंधरा मिनिटांची एकादशी, ती मंगळाच्या एका दिवसात सहा वेळा. डायमोस हा दुसरा चंद्र धरला तर तिथी एका तासाची. दोन्ही धरले तर दोन पंचांगं, आणि चंद्रच नसलेल्या ग्रहावर एकही नाही. अशा जगात विठ्ठल मानणारा कुणी असला तर तो वारी कधी काढेल? हा प्रश्न सुटणार नाही असं नाही. मलेशियातल्या त्या पुस्तिकेसारखं कुणीतरी बसून ठरवेल: पृथ्वीची तिथी धरा, ते नसेल जमत तर आपल्या ग्रहाची धरा, तेही नसेल तर नुसतं नाम घ्या. वारकऱ्यांना तर हे शेवटचं सगळ्यात सोपं. विधी ज्या मातीला चिकटलेला असतो तिथून तो सुटतो, पण आधी दुखतं, आणि ते दुखणं खरं असतं. ‘आमच्याकडे सगळं आधीच सांगून ठेवलंय’ असं म्हणताना त्या दुखण्याकडे डोळेझाक होते.

आणि दुसऱ्या एका गोष्टीकडेही. ‘जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत’ हे ज्ञानेश्वरीत १२९० साली लिहून झालं होतं. त्या ‘भूत’ शब्दात परका ग्रहवासी सहज मावतो. पसायदानातल्या ‘प्राणिजात’मध्येही मावतो. पण चोखोबा मावले नाहीत. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे, नामदेव पायरीच्या समोर. विठ्ठलमंदिर दलितांसाठी उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केल्यानंतर. ओवी ते दार, ६५७ वर्षं. अनंतकोटी ब्रह्मांडांतल्या कुठल्याही जीवाला भगवंत मानायला तयार असलेल्या लोकांना शेजारच्या वाड्यातल्या, मराठी बोलणाऱ्या, अभंग रचणाऱ्या माणसाला पायरी चढू द्यायला इतका काळ लागला. लांबच्याला सामावून घेणं सोपं असतं. त्याचा स्पर्श होणार नसतो, पंगतीत शेजारी तो बसणार नसतो. सांता मार्तामधल्या त्या सकाळच्या पाठातही भांडण पंगतीचंच होतं, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

परक्यांची भेट म्हणजे काय असतं ते गोव्याने पाहिलेलं आहे. सासष्टीत १५६७ मध्ये देवळं पाडली गेली. त्याच सासष्टीत थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी शिकून ओवीत क्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं. स्वर्गासाठी त्याने शब्द घेतला ‘वैकुंठ’. ज्यांची देवळं गेली होती त्यांच्याच कानावर त्यांच्याच वैकुंठाचं नाव घेऊन येशूची गोष्ट पडत होती. त्या ओव्यांचा गोडवा खरा आहे, आणि ती पाडापाडीही खरी आहे. दोन्ही एकाच जहाजमार्गाने आली. म्हणून परका सापडला तर आपल्या धर्माचं काय होईल, एवढंच विचारून भागत नाही. आपण त्याला सापडलो, तर? किंवा आपणच त्याच्याकडे धर्म घेऊन निघालो, तर?

अमेरिका खंडातले लोक युरोपला सापडले १४९२ मध्ये. ते माणसं आहेत की नाहीत, हे पोपच्या तोंडून स्पष्ट व्हायला १५३७ उजाडलं. तिसरे पॉल यांनी त्या वर्षी २ जूनला जाहीर केलं की इंडियन ही खरोखरच माणसं आहेत, त्यांना श्रद्धा समजू शकते, आणि ती ख्रिस्ती नसली तरी त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेऊ नये. पंचेचाळीस वर्षं लागली, तेही समोर उभी असलेली, रडणारी, हसणारी, मुलांना कडेवर घेणारी माणसं दिसत असताना. त्यानंतरही १५५० मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदला इंडियनांची बाजू घेणारे लास कासास आणि त्यांना जिंकून घेणं न्याय्य मानणारे सेपुल्वेदा यांना त्यांच्यावरून वाद घालावाच लागला. एका रेघेवरून हे ठरवायचं असेल तर किती वर्षं धरावीत?

रोमन विधिग्रंथात बाप्तिस्म्याच्या प्रकरणात एक छोटी सूचना असे. कधी कधी असं बाळ जन्माला येतं की त्याचा आकार बघून सुईण घाबरते. हे माणूस आहे का, असा प्रश्न पडतो. अशा वेळी त्याला तसंच टाकून देऊ नये. १९१७ च्या धर्मसंहितेतही हे कलम होतं: अशांना निदान अटीवर तरी बाप्तिस्मा द्यावाच. त्यासाठी नेहमीच्या वाक्याच्या आधी चार लॅटिन शब्द जोडायचे. सि तू एस होमो. जर तू माणूस असशील, तर मी तुला बाप्तिस्मा देतो. रात्रीची वेळ, खोलीत गरम पाण्याची वाफ, कापडात गुंडाळलेलं ते काहीतरी जेमतेम श्वास घेतंय. पुरोहिताला ठाऊक नाही की समोर कोण आहे, आणि ठरवत बसायला वेळ नाही. तो ‘जर’ म्हणतो आणि पाणी ओततो.